ठेचा पातेल्यात टाकू नका!

'डिफॉल्ट' हा शब्द आपल्या कॉलेजात कुणी नुसता उच्चारला तरी पोटात गोळा येतो. कारण आपल्याला त्याचा एकच अर्थ माहीत, नोटीस बोर्डावरची डिफॉल्टर लिस्ट! ७५ टक्क्यांच्या खाली घसरलेले सगळे वीर त्यात. बँकेतही डिफॉल्टर म्हणजे हप्ता बुडवणारा. कॉम्प्युटरवाल्यांनी मात्र या शब्दाला भलताच सज्जन अर्थ दिला आहे. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर जे आपोआप होईल, ते डिफॉल्ट. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी त्याला 'पूर्वनिर्धारित' असा भारदस्त शब्द काढलाय. मेनूमध्ये तो शोभतो, बोलताना जीभ अडखळते. म्हणून या लेखात मी सरळ डिफॉल्टच म्हणणार आहे. मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं.

तर मित्रांनो, विषय असा. लिनक्सवर आपण अपाचे, मारियाडीबी, पोस्टफिक्स, एसएसएच असं काहीही टाकतो तेव्हा ते पॅकेज म्हणून येतं. पॅकेजमध्ये प्रोग्रॅम असतो आणि त्याच्यासोबत तयार लिहिलेली कॉन्फिगरेशन फाइल असते. ती बहुतेक वेळा ईटीसी नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. कुठल्या पोर्टवर ऐकायचं, कुणाला आत घ्यायचं, कुठली लिपी धरून चालायचं, लॉग कुठे लिहायचा, हे सगळं त्या फाइलमध्ये कुणीतरी आपल्या वतीने ठरवून ठेवलेलं असतं. त्या फाइलशी आपण कसं वागायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रश्न किरकोळ वाटेल. पण मेसचा हिशोब, लायब्ररीची यादी, डिपार्टमेंटच्या असाइनमेंट, कुणाकुणाचे फायनल इयरचे प्रोजेक्ट, हे सगळं अशाच कोपऱ्यातल्या एखाद्या सर्व्हरवर असतं. आणि कॉलेजातला सर्व्हर दर जूनला मालक बदलतो. कंपनीत माणूस दहा वर्षं एका जागी बसतो, त्याला आठवतं. आपल्याकडे आठवणारा माणूस मे महिन्यात बॅग भरून निघून जातो.

मी पाहिलेल्या मंडळींत दोन जाती आहेत. एक जात ती फाइल देवघरातल्या मूर्तीसारखी मानते, हातच लावत नाही. दुसरी जात गुगलवर जे सापडेल ते आणून त्याच फाइलमध्ये चिकटवते आणि चालू झालं की झोपायला जाते. माझ्या मते दोघंही चुकतात, पण दुसऱ्यांमुळे पुढच्या बॅचचे हाल होतात. आधी पहिल्यांचं बघू.

फाइल न वाचताच सर्व्हर चालवला की काय गंमत होते याचा एक जगप्रसिद्ध किस्सा आहे. मार्च २००६ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टटल नावाच्या छोट्या गावाची वेबसाइट गायब झाली आणि तिथे सेंटओएस लिनक्सचं नाव असलेलं एक पान दिसू लागलं. गावाचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं, सेंटओएस नावाच्या कुण्या टोळीने साइट हॅक केली! त्याने सेंटओएसच्या मंडळींना मेल पाठवून एफबीआयकडे जायची धमकी दिली. ते बिचारे फुकट सॉफ्टवेअर बनवणारे लोक. प्रत्यक्षात ते अपाचेबरोबर येणारं डिफॉल्ट पान होतं. ज्यांच्याकडे साइट ठेवली होती त्यांच्या सर्व्हरची सेटिंग उडाली होती, बस्स. शेवटी सेंटओएसच्याच माणसाने त्याला कुठे बिघडलंय ते शोधून दिलं.

हे झालं हसण्यावारी. पण आपल्या मराठीच्या बाबतीत डिफॉल्टने जे केलंय त्याला हसता येत नाही. मायएसक्यूएल ही डेटाबेस १९९५ मध्ये स्वीडनमध्ये जन्मली. त्यामुळे तिची डिफॉल्ट अक्षरमाला लॅटिन-१ आणि डिफॉल्ट क्रमवारी चक्क स्वीडिश! आवृत्ती ५.७ पर्यंत हेच होतं. एप्रिल २०१८ मध्ये ८.० आली तेव्हा कुठे पूर्ण युनिकोड चालणारी अक्षरमाला डिफॉल्ट झाली. म्हणजे वीसेक वर्षं जळगाव-धुळ्याच्या पोरांनी केलेल्या प्रोजेक्टमधली मराठी नावं, कुणी मुद्दाम काही सांगितलं नसेल तर, स्वीडिश समजून साठवली गेली.

त्याने होतं काय, ते जरा आकड्यात बघा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'अमळनेर' या शब्दात ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. लॅटिन-१ ला वाटतं ही १८ वेगळी अक्षरं आहेत. आमच्या अमळनेरच्या 'तत्त्वज्ञान मंदिर' या नावात जोडाक्षरांचे हलन्त धरून १६ चिन्हं आणि मध्ये एक रिकामी जागा, एकूण ४९ बाइट. आता समजा कॉलम ४० अक्षरांचा आहे. तुम्ही म्हणाल, १७ च तर लागतात, ऐसपैस बसेल. जुनी मायएसक्यूएल मुकाट्याने ४० बाइटला कात्री लावते आणि यादीत उरतं 'तत्त्वज्ञान मं'. एरर नाही, काही नाही. नुसती एक वॉर्निंग, जी कुणी वाचत नाही. अशी चुपचाप कापाकापी थांबवणारा कडक मोड डिफॉल्ट झाला तो २०१५ च्या ५.७ पासून.

वेब पेज आणि डेटाबेस यांच्यामधलं कनेक्शन यूटीएफ-८ आणि कॉलम लॅटिन-१ असेल तर त्याहून वाईट. मग प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं आणि मूळ अक्षर कायमचं जातं. कापलेलं नाव निदान ओळखता तरी येतं, पाच प्रश्नचिन्हांवरून कुणाचं नाव ओळखणार? मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी फेब्रुवारीत साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं होतं. पण ही बातमी सर्व्हरच्या फाइलला कोण कळवणार? ते काम आपलंच.

क्रमवारीचंही तसंच. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' च्या शेजारी बसवलाय, आपल्या मुळाक्षरांत तो 'ह' नंतर येतो. म्हणून डिफॉल्ट क्रमवारीत चाळीसगाव आधी आणि चावलखेडे नंतर. आपल्या शब्दकोशाच्या क्रमाने बघितलं तर उलट हवं. यावरून कुणाचा जीव जाणार नाही हे खरं. लायब्ररीत कार्ड शोधणाऱ्या माणसाचा अर्धा तास जाईल.

इथे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट सांगतो, कारण लेखाचा मुद्दा तिथेच आहे. मारियाडीबी ही मायएसक्यूएलची धाकटी बहीण. तिच्या मूळ कर्त्यांनी लॅटिन-१ सोडलं ते २०२४ च्या ११.६ आवृत्तीत. पण डेबियन लिनक्सने आपल्या पॅकेजमधल्या फाइलमध्ये २०१७ च्या डेबियन ९ पासूनच युनिकोड लिहून टाकलं होतं. उलट सेंटओएस ७ वरच्या मारियाडीबीत लॅटिन-१ च. नाव एकच, वागणूक निराळी. कारण डिफॉल्ट दोन ठिकाणी ठरतं. एक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे आणि दुसरं पॅकेज बांधणाऱ्याकडे. तुमच्या लॅपटॉपवर मराठी नीट दिसलं आणि लॅबच्या सर्व्हरवर नाही दिसलं, तर कोड तपासत रात्र घालवण्याआधी दोन्हीकडच्या फाइली समोरासमोर ठेवा.

पॅकेज बांधणारा शहाणा असेल तर तो आपल्याला वाचवतोही. मोंगोडीबीचं उदाहरण घ्या. तिचा नुसता प्रोग्रॅम उतरवून चालवला तर तो सगळ्या जगासाठी दार उघडं ठेवून बसायचा, आणि पासवर्डही डिफॉल्टमध्ये नाही. अधिकृत पॅकेजमधल्या फाइलमध्ये मात्र २०१४ पासून लिहिलेलं होतं की फक्त याच मशीनवरून आलेलं ऐक. मग पोरं काय करायची? 'बाहेरून कनेक्ट होत नाही' म्हणून ती ओळ शोधून उडवायची! जानेवारी २०१७ मध्ये अशा हजारो उघड्या डेटाबेस लोकांनी पुसून टाकल्या आणि आत खंडणीची चिठ्ठी ठेवली. त्याच वर्षी मोंगोडीबीने ३.६ पासून मूळ प्रोग्रॅमचंच डिफॉल्ट बदललं. आणि हे सगळं परदेशातच होतं असं समजू नका. जानेवारी २०१९ मध्ये टेकक्रंचने बातमी दिली की स्टेट बँकेच्या एसबीआय क्विक सेवेचा मुंबईतल्या डेटा सेंटरमधला एक सर्व्हर पासवर्डशिवाय उघडा आहे आणि ग्राहकांना जाणारे मेसेज त्यावर वाचता येतात. आपले सर्व्हर सुरक्षित असल्याचं बँकेने नंतर जाहीर केलं. एवढ्या मोठ्या बँकेबद्दल अशी बातमी छापून येते, तर आपल्या लॅबची काय कथा!

आता दुसरी जात. ओळखीच्या एका हॉस्टेलची गोष्ट (नाव नको). मेसच्या बिलांचे स्कॅन अपलोड करायला एका सिनियरने छान साइट बनवली. पीएचपीमध्ये अपलोडची डिफॉल्ट मर्यादा २ एमबी. स्कॅन तर ५-६ एमबीचे. दादाने मुख्य फाइल उघडली, २ चे २० केले, आणखी दहा-बारा ठिकाणी काहीबाही बदललं आणि पास होऊन गेला. दोन बॅचनंतर पोरांनी सर्व्हर डेबियन ११ वरून १२ वर नेला. ११ मध्ये पीएचपी ७.४, १२ मध्ये ८.२. डेबियनमध्ये पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीचं फोल्डर वेगळं, म्हणजे नव्या फोल्डरात कोरी करकरीत डिफॉल्ट फाइल. दादाची फाइल ७.४ च्या फोल्डरात पडून राहिली. बिलं अपलोड होईनात. मॅनेजर म्हणे कॉम्प्युटरवाल्यांनी घोळ केला, कॉम्प्युटरवाले म्हणे नेटवर्क. दादाने नक्की काय काय बदललं होतं, असं विचारल्यावर मिळालेलं उत्तर असं: "माले काय माहीत भो, तो ते पुनाले चालना गया!"

हे खान्देशी उत्तर म्हणजे भारतातल्या निम्म्या सर्व्हरचं डॉक्युमेंटेशन आहे.

पॅकेजवाले याबाबतीत आपल्यापेक्षा जास्त विचारी आहेत. आम्ही अमळनेरचे, त्यामुळे उदाहरण गावचंच देतो. आमच्याकडे १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली, पुढे तीच विप्रो झाली आणि सॉफ्टवेअरमध्ये गेली. तुपाच्या डब्याला सील असतं. सील शाबूत तर डबा कंपनीचा, सील फुटलं तर आतल्या मालाची जबाबदारी तुमची. डेबियनचा डीपीकेजी अगदी हेच करतो. फाइल देताना तिच्या एमडी-५ बेरजेची नोंद करून ठेवतो, हे झालं सील. नवीन आवृत्ती आली की तो तीन बेरजा बघतो: मागच्या वेळी दिलेली, आत्ता डिस्कवर असलेली आणि नवीन आलेली. तुम्ही हात लावला नसेल तर नवी फाइल गुपचूप ठेवतो. तुम्ही बदललीय पण कंपनीने नाही, तर तुमची तशीच ठेवतो. दोघांनीही बदललीय, तरच थांबतो आणि विचारतो: तुमची ठेवू की नवी घालू? फरक बघायचाय का? तुमचे बदल विचारल्याशिवाय पुसायचे नाहीत, हा डेबियनचा लिखित नियम आहे.

इतका सभ्य प्रश्न, आणि आपण काय करतो? एंटर दाबतो! एंटर म्हणजे जुनी ठेव. त्या क्षणी काही बिघडत नाही म्हणून आपण खूश. बिघडतं नंतर. २०१५ मध्ये डेबियन ८ आलं तेव्हा अपाचे २.२ चं २.४ झालं. कुणाला आत घ्यायचं हे सांगायची भाषाच बदलली, आणि साइटच्या फाइलच्या नावाला शेवटी 'डॉट कॉन्फ' नसेल तर अपाचे ती वाचणंच बंद झालं. डिफॉल्ट साइटचं फोल्डरसुद्धा एक पायरी आत सरकलं. जुन्या फाइली जशाच्या तशा ठेवणाऱ्यांना कुठे ४०३, कुठे नुसतं डिफॉल्ट पान. टटल गावची आठवण झाली असेल!

आणि एंटरऐवजी 'वाय' दाबलं तर तुमची फाइल 'डीपीकेजी-ओल्ड' असं शेपूट लावून बाजूला पडते. रेड हॅटवाल्यांच्या आरपीएमची तऱ्हा वेगळी, तो प्रश्नच विचारत नाही. फाइलवर 'बदलू नये' असा शिक्का असेल तर तुमची ठेवतो आणि नवी 'आरपीएम-न्यू' नावाने शेजारी टाकतो. शिक्का नसेल तर नवी घालतो आणि तुमची 'आरपीएम-सेव्ह'. कोण बरं? मला डेबियन आवडतं, कारण निदान कुणीतरी तोंडावर विचारतं. पण कबूल करायला हवं, तो विचारतो रात्री दोनला, अपग्रेड अर्ध्यावर असताना. त्या वेळी कुणीही एंटरच दाबेल. आरपीएमच्या सर्व्हरवर ईटीसीमध्ये एकदा 'आरपीएम-न्यू' शोधून बघा. न वाचलेली पत्रं सापडतात, काही तर चार-चार वर्षांची.

यात एक छुपी गोष्ट आहे, ती स्टाफने जरूर वाचावी. डेबियन-उबुंटूवर सिक्युरिटी अपडेट आपोआप टाकणारा 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' नावाचा प्रोग्रॅम असतो. एखाद्या पॅकेजला वरचा प्रश्न विचारावा लागेल असं दिसलं, की तो ते पॅकेज सोडून देतो, कारण उत्तर द्यायला माणूस नाही. मुख्य फाइलमधला एक आकडा बदलला होता म्हणून त्या सर्व्हरचं अपडेट लटकून राहू शकतं, आणि आपल्याला वाटतं सगळं ऑटोमॅटिक चाललंय. भोक पडलेल्या सर्व्हरमागे कधीकधी असा एक निरागस बदल असतो.

लॅबमध्ये हमखास दिसणारा आणखी एक प्रकार. फाइल बिघडली की पोरं पॅकेज काढतात आणि परत टाकतात, तरी तोच एरर. कारण 'रिमूव्ह' केल्याने प्रोग्रॅम जातो, फाइल राहते. मग चिडून फाइलच डिलीट करतात आणि पुन्हा टाकतात. आता तर फाइल येतच नाही! डीपीकेजी म्हणतो, मालकाने मुद्दाम काढलीय, त्याचा मान राखायला हवा. (इतका मान आपल्याला व्हायवाच्या टेबलावर मिळाला असता तर!) कोरी फाइल हवी असेल तर 'पर्ज' करायचं असतं, किंवा हरवलेली फाइल परत दे असं डीपीकेजीला वेगळं सांगायचं असतं.

मग करायचं काय? याचं उत्तर आपल्याला रोज दोनदा माहीत असतं. मेसची भाजी पाणचट असते. आपण काय करतो? घरून आणलेली ठेच्याची बाटली काढतो आणि आपल्या ताटात वाढून घेतो. मेसच्या पातेल्यात कुणी ठेचा ओतत नाही. ओतला तर दोनशे पोरं बोंबलतील, उद्या आचारी पातेलं घासून नवी भाजी करेल आणि तुमचा ठेचाही जाईल. पॅकेजची फाइल म्हणजे पातेलं. ते आचाऱ्याचं, रोज बदलणारं. तुमचे बदल म्हणजे ठेचा. तो आपल्या वेगळ्या बाटलीत, आपल्या ताटात.

ही वेगळी बाटली बहुतेक सर्व्हरमध्ये आता तयार मिळते. 'कॉन्फ-डॉट-डी' किंवा नुसतं शेवटी 'डॉट-डी' अशा नावाचं फोल्डर शोधा. मुख्य फाइल वाचून झाली की प्रोग्रॅम त्या फोल्डरातल्या छोट्या फाइली क्रमाने वाचतो, आणि नंतर वाचलेलं आधीच्यावर चढतं. पीएचपीसाठी तिथे '९९-हॉस्टेल' अशी फाइल करा आणि फक्त दोनच ओळी लिहा. एकीत अपलोडची मर्यादा, दुसरीत पूर्ण पोस्टची, कारण तिचं डिफॉल्ट ८ एमबी असतं आणि ती विसरली तर २० चा उपयोग नाही. वर एक शेरा: 'मेसच्या बिलांचे स्कॅन ६ एमबीपर्यंत जातात म्हणून.' झालं. मुख्य फाइलचं सील शाबूत. वरच्या गोष्टीतल्या दादाने एवढं केलं असतं तरी डेबियन १२ वर ती फाइल आपोआप गेली नसती हे खरं, फोल्डर बदलतंच. पण मागच्या पोरांना हजारो ओळींत फरक शोधण्याऐवजी दोन ओळींची एक फाइल उचलून ठेवावी लागली असती, आणि ती का आहे हेही कळलं असतं.

मारियाडीबी, अपाचे, सिस्टमडी, सगळ्यांत ही सोय आहे. सिस्टमडीने तर घरच वेगळं केलंय. पॅकेजच्या फाइली यूएसआरमध्ये, आपल्या ईटीसीमध्ये, भांडणच नको. फक्त एसएसएचपासून सावध राहा. तिथे नियम उलटा आहे, जे आधी वाचलं ते पक्कं, नंतरचं सोडून दिलं जातं. डेबियनमध्ये २०२१ च्या ११ पासून ते फोल्डर मुख्य फाइलच्या अगदी वरच जोडलेलं असतं, म्हणून आपली फाइल ९९ नाही तर ०१ हवी. '९९-सुरक्षा' नावाची फाइल लिहून पासवर्ड लॉगिन बंद केलं असं समजणारे लोक असतात. आधीच्या नंबरच्या कुठल्या तरी फाइलमध्ये ते चालू असतं. त्यामुळे फाइल लिहून समाधान मानू नका, सर्व्हरलाच विचारा की तू शेवटी काय धरून चालला आहेस. एसएसएचडीला मोठा 'टी' देऊन चालवलं की तो सगळी यादी छापतो. पोस्टफिक्सचं 'पोस्टकॉन्फ' छोट्या 'एन' ने चालवा, शेकडो सेटिंगपैकी फाइलमध्ये लिहिलेल्या तेवढ्याच दाखवतो. माझ्या मते प्रत्येक सर्व्हरमध्ये ही सोय सक्तीची हवी.

काही मित्र म्हणतील, हे सगळं जुनं झालं, आता डॉकर आहे, अपग्रेडची भानगडच नाही, नवी इमेज ओढायची. बरोबर. पण तुमची सेटिंग तुम्ही कशी देता? इमेजमधली पूर्ण फाइल कॉपी करून, तिच्यात बदल करून, ती वरून झाकता. पुढच्या इमेजमध्ये आतली फाइल बदलते, तुमची झाकलेली दोन वर्षांपूर्वीचीच. आता तर प्रश्न विचारायला डीपीकेजीसुद्धा नाही! ठेचा तिथेही पातेल्यातच गेला.

आणि काही सर म्हणतील, चालू आहे ना, मग हात लावू नका. सरांचा अनुभव मोठा आहे आणि परीक्षेच्या आठवड्यात मी त्यांच्या बाजूने आहे. पण न हलवलेला सर्व्हर तसाच राहत नाही, त्याच्या आवृत्तीचा आधार संपतो. सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला संपला. एक दिवस हलवावाच लागतो, आणि त्या दिवशी काय बदललं होतं हे माहीत असलेलं बरं.

आता कॉलेजला काही मागणं. अमळनेरच्या हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि तिथलं वसतिगृह बघायचे. मुलांसाठी ते हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढत. इंटरनेट नाही, झेरॉक्स नाही, रोज हाताने! आपल्याला तर सर्व्हरवर बदल झाला त्या दिवशी एक ओळ लिहायची आहे. तेवढीही जमत नसेल तर 'ईटीसीकीपर' टाका. तो ईटीसी फोल्डर गिटमध्ये ठेवतो आणि प्रत्येक अपडेटच्या आधी-नंतर नोंद करतो. कुणी कधी काय बदललं ते त्यात राहतं, 'का' मात्र आपल्यालाच लिहावं लागतं.

दुसरं मागणं प्रॅक्टिकलचं. आपल्या लिनक्स लॅबमध्ये सर्व्हर इन्स्टॉल करायला शिकवतात. अपग्रेड करायला कुणीच शिकवत नाही. जर्नलमध्ये एक प्रयोग वाढवावा. व्हर्च्युअल मशीनवर जुनं डेबियन घ्या, अपाचेची फाइल मुद्दाम बदला, नव्या आवृत्तीवर न्या, तो प्रश्न आला की 'डी' दाबून फरक वाचा आणि कुठली ओळ ठेवली, कुठली सोडली, कारणासह लिहा. दोन तासांचं काम आहे. नोकरीच्या पहिल्या महिन्यात यातलं जेवढं वापरावं लागेल, तेवढं जर्नलमधल्या बाकीच्या प्रयोगांतलं क्वचितच लागेल, असं मला वाटतं.

तिसरं, फायनल इयरला नो-ड्यूज देताना लायब्ररीची आणि मेसची सही लागते, तशी सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी लॅबचीही लागावी. सही मिळायला एक कागद द्यायचा: कुठल्या पॅकेजची सीलं फुटली आहेत. ती यादी हाताने करायचीही गरज नाही. डेबियनवर 'डेबसम्स' छोट्या 'ई' ने चालवा, रेड हॅटवर 'आरपीएम' मोठा 'व्ही' आणि छोटा 'ए' देऊन, बदललेल्या कॉन्फिगरेशन फाइलींची नावं समोर येतात. पुढे प्रत्येक नावासमोर एक वाक्य. आमच्या मजल्यावरच्या सर्व्हरची यादी मागच्या रविवारी काढली, अकरा फाइली निघाल्या. सातांची कारणं सापडली. उरलेल्या चारांसाठी पुण्याला फोन लावणं चालू आहे.